शंभर पौंड हवा

औंध
२० नोव्हेंबर २०२३

मामू,
सलाम.

पत्र बघून दचकू नका. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही तेव्हा फोनचा उपयोग नाही. मेसेज करावा तर तो तारिकभाईच्या मोबाईलवर जातो. तो तुमचा मुलगा असला तरी निरोप्या म्हणून अगदी बेकार आहे. मागच्या महिन्यात मी वीस ओळी लिहिल्या होत्या. त्यातलं तुम्हाला लिहून दाखवायच्या पाटीवर 'नूरीन बरी हाय' एवढंच उतरलं, असं मुमानीनं सांगितलं. म्हणून पाच रुपयांचं पाकीट आणलं.

नोकरीला आठ महिने झाले. शाळा औंधपासून चार किलोमीटरवर आहे. सातवीला विज्ञान शिकवते. मुलं चांगली आहेत, फक्त प्रश्न फार विचारतात. सध्या हवेचा दाब चालू आहे. पहिल्या दिवशी वर्गात दोरी बांधली, तिच्यात नळी ओवली, नळीला फुगा चिकटवला आणि फुग्याचं तोंड सोडलं. फुगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट गेला. मायानं विचारलं, "बाई, हवा मागं गेली, मग फुगा पुढं का पळाला?" मी म्हटलं, हातगाड्यावर उभी राहून पुढं उडी मार, गाडा मागं सरकतो की नाही बघ. दुपारच्या सुट्टीत तिनं खरंच भाजीवाल्याच्या गाड्यावरून उडी मारली. भाजीवाला मुख्याध्यापकांकडं आला.

आता मला बाटलीचं रॉकेट करायचंय. दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला घट्ट बूच, बुचातून ट्यूबचं नोजल आणि त्याला पायाचा पंप. दाब वाढला की बूच निघतं, पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे. तर जुन्या ट्यूबची पाच नोजलं पाठवून द्या. तुमच्या पंक्चरच्या दुकानात ती पोत्यानं पडलेली असतात.

तुमच्या दुकानाची आठवण आली की मला अजून लिंबाखालचा ईदेचा झोका आठवतो. संध्याकाळपर्यंत हाताला काळं ग्रीस लागलेलं असायचं आणि अम्मी मला घासलेटनं हात पुसून द्यायची. मी सात वर्षांची होते. तेवढा उंच झोका मी परत कधी घेतला नाही.

तुमची,
नूरीन


कुंडल
२९ नोव्हेंबर २०२३

नूरीन बेटा,
दुआ.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन धोंडिराम पाकीट हातात देईना. आधी पाटी मागितली आणि लिहिलं, "चाचा, कोर्टाचं न्हाई, भाचीचं हाय." अख्ख्या गावाला कळलं.

नोजल पाठवणार नाही. पोतं भरून पडलीत, पण पाठवणार नाही.

तू शिकलेली आहेस, मी दहावी नापास. पण हवेत माझी पस्तीस वर्षं गेली. सगळ्यांना वाटतं, हवा म्हणजे काही नाही. ट्यूबमध्ये कोंडली की तीच हवा उसाची ट्रॉली उचलून धरते. ती आत गप्प बसलेली नसते. सारखी बाहेर पडायचं बघत असते आणि पडताना समोर येईल ते उडवते. तिला बूच आणि माणसाचं डोकं यातला फरक कळत नाही. तू मुलांना घेऊन तिच्याशी खेळ करू नको. फुगा दाखवलास तेवढं बास.

धंद्याचं विचारत नाहीस, तरी सांगतो. कारखाना सुरू झाला. रोज तीस-चाळीस ट्रॉल्या दुकानासमोरून जातात, त्यातल्या पाच-सहा आमच्याकडं लंगडत येतात. पूर्वी मी टायरवर हातोडी मारून आवाजावरून पौंड सांगायचो. कान गेल्यावर आता डाव्या हाताचा तळवा टायरला टेकवतो आणि उजव्यानं हातोडी मारतो. हाताला कळतं. दोन-चार पौंडांचा फरक पडतो, जास्त नाही. नोजल गळतंय का ते थुंकी लावून बघतो. बुडबुडा आला की गळतंय. त्याला कान लागत नाहीत.

पण हवा भरायचं काम आता तारिक करतो, आणि माझ्या जिवाला तोच घोर आहे. ट्रॉलीच्या टायरला लोखंडी रिंग असते, तुला माहीत आहे. रिंग खाचेत नीट बसली नाही आणि हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून हवा भरायच्या आधी टायरला साखळीचे चार वेढे घालायचे, ही माझ्या उस्तादाची रीत. तारिक साखळी घालत नाही. वेळ जातो म्हणतो. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी बोलणंच सोडलंय, मीही पाटीवरच लिहितो, "साखळी." तो वाचतो, हसतो, पुसतो आणि कॉम्प्रेसर चालू करतो. सहा महिन्यांचं पोर आहे त्याला. तुझ्या नावाच्या मागं बी.एस्सी. आहे, तुझं तो ऐकेल. त्याला चार शब्द सांग.

मुमानीनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरलाय. कोणी औंधला येणारं असलं की पाठवतो.

इलाही मामू


औंध
९ डिसेंबर २०२३

मामू,
सलाम.

नोजलं तुम्ही पाठवली नाहीत, मग मी इथल्या सायकलवाल्याकडून घेतली. दहाला दोन. रॉकेट झालं, उडालंही. काल मैदानावर उडवलं, लिंबाच्या शेंड्याएवढं उंच गेलं, सगळं व्यवस्थित पार पडलं. म्हणजे तुमची काळजी फुकट गेली. रागवा हवं तर.

तारिकभाईला फोन केला होता. पाऊण तास बोललो. त्यातली चाळीस मिनिटं त्यानं शिफाच्या दाताचं सांगितलं. पहिला दात आलाय, तो खालचा आहे, त्यानं ती काय काय चावते, हे मला आता पाठ आहे. मग साखळीचा विषय काढला. तर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"नूरीन, तू मला शाळा शिकवू नगं. अब्बांनी त्या दिवशी साखळी घातलीच हुती की. चार येढे. त्यांनीच सांगितलंय मला, एकदा न्हाई, शंभरदा. तरी रिंग उडाली आन् कान गेलं. मग साखळीचा उपेग काय? रिंग चांगली असली तर साखळी लागत न्हाई, आन् सडकी असली तर साखळी पुरत न्हाई. मी रिंग बघून घेतो. लय झालं."

त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. मग मी घरी येऊन हिशेब मांडला. टायरमध्ये शंभर पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला शंभर पौंड. टायरच्या बाजूचे किती इंच रिंगेवर रेटा देतात ते काढलं, गुणलं, टनात आणलं. सतरा ते अठरा टन आले. मी दोनदा तपासलं. कारखान्याच्या काट्यावर उसानं भरलेला अख्खा ट्रक उभा राहतो ना, तेवढं वजन त्या रिंगेला आतून ढकलत असतं, आणि तुम्ही पस्तीस वर्षं तिच्या शेजारी उकिडवे बसून बिडी ओढलीत.

आता एक सांगा. त्या दिवशी साखळी किती जागी तुटली? कुठली कडी उघडली? ते कळलं तर किती जाड साखळी लागेल याचा हिशेब करून तारिकभाईला देता येईल. हिशेब दिला की तो नाही म्हणू शकत नाही. तो स्वभावानं वाईट नाही, फक्त त्याला पुरावा लागतो.

तुमची,
नूरीन


कुंडल
१७ डिसेंबर २०२३

नूरीन बेटा,
दुआ.

बिडी मी दोन हजार दहा साली सोडली.

साखळीचं विचारलंस. साखळी तुटली नाही. दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. अठरा फूट, एकही कडी उघडलेली नाही. रिंग सडकी होती, सुटली, बाकी काही नाही. जुनी गोष्ट आहे, ती उकरून तुझ्या हिशेबाला काही मिळायचं नाही. तू तारिकला एवढंच लिही की साखळी घालावी. कारण विचारलं तर सांग, मामू म्हणतात म्हणून.

गुरुवारी काय झालं ते सांगतो. बांबवड्याची ट्रॉली आली होती. तारिक हवा भरत होता, मी बाजेवर बसून ट्यूब घासत होतो. एकदम पायाखालची फरशी थरथरली. मला ऐकू येत नाही, पण पायांना कळतं. बघितलं तर रिंग एका बाजूनं बोटभर वर आलेली आणि तारिक तिच्यावर वाकलेला. मी उठून कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं, नोजलमधून हवा सोडली. पूर्ण हवा निघेपर्यंत माझा हात तिथून निघेना. तारिक हसत होता. पाटीवर लिहिलं, "बसली नव्हती नीट. बसवतो." आणि हातोडी घेऊन रिंग ठोकली, परत हवा भरली. साखळीविना.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मुमानीला वाटलं भाजी तिखट झाली.

रॉकेट चांगलं उडालं म्हणतेस, बरं झालं. तरी परत उडवशील तेव्हा मुलांना वीस पावलं मागं उभी कर आणि बाटलीच्या रेषेत कुणी थांबू नये असं बघ. बारा नोजलं पाठवतोय, चटणीच्या डब्यात तळाला कागदात गुंडाळलीत. सायकलवाल्याची नोजलं रद्दी असतात.

इलाही मामू


औंध
२६ डिसेंबर २०२३

मामू,
सलाम.

चटणी आणि नोजलं मिळाली. चटणीला रबराचा वास येतो, पण खाल्ली.

आधी माझं सांगते. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. रॉकेट लिंबाच्या शेंड्याला गेलं ते दुसरं. पहिलं आडवं गेलं. बूच मी फार घट्ट ठोकलं होतं. निघेना म्हणून पंप मारत राहिले, आणि ते निघालं तेव्हा बाटली स्टँडवरून कलंडली. माया आणि प्रथमेश यांच्या मधून, मायाच्या वेणीला घासून ती अंगणवाडीच्या दारावर आदळली. दाराची फळी फुटली. कुणाला लागलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, दार जुनं होतं. तुम्हाला लिहिलं, सगळं व्यवस्थित पार पडलं. वीस पावलं मागं उभं करायचं मला सुचलं नव्हतं, आणि ते तुम्ही सांगायच्या आधी मला कळायला हवं होतं. तुमचं पत्र आल्यावर लाज वाटली. शनिवारी मुख्याध्यापकांकडं जाऊन खरं सांगितलं. ते रागावले. प्रदर्शनातून रॉकेट काढलं. ठीक आहे. पण त्यांनी एक गोष्ट केली. कार्यालयात भिंतीवर नियमांचा कागद लावला, रॉकेट कसं उडवायचं, कुणी कुठं उभं राहायचं, पंप किती मारायचा. मी खोटं बोलले होते तोवर तो कागद लागलेला नव्हता. पुढच्या वर्षी दुसरी कुणी बाई येईल आणि बूच तसंच ठोकेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आता तुमचं. मामू, मी हिशेब चार वेळा केला. अठरा टनांनी रिंग सुटली आणि साखळीचे चार वेढे होते, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. साखळी तुटेल किंवा रिंग साखळीत अडकेल. रिंग तर पत्रा फाडून लिंबावर गेली. पत्र्याचं ते भगदाड मी स्वतः बघितलंय. आणि साखळीची एकही कडी उघडलेली नाही, असं तुम्हीच लिहिता. दोन्ही खरं असू शकत नाही.

हे मी तारिकभाईला सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला विचारते. त्या दिवशी टायरला साखळी होती का?

नसली तर नसली. घाई झाली असेल, विसरला असाल. पण तारिकभाई साखळी घालत नाही ते तुम्ही घातली होती म्हणून. तुमचं हे एक वाक्य त्याला रिंगेशेजारी बसवून साखळीविना हवा भरायला लावतंय. त्याच्या घरात शिफाला दात येतायत.

एवढंच विचारायचं होतं.

नूरीन


कुंडल
१४ जानेवारी २०२४

नूरीन बेटा,
दुआ.

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो. आज बसलोच आहे.

साखळी नव्हती.

आता सगळं सांगतो. दोन हजार चार साली ईद नोव्हेंबरात आली होती. बासी ईद होती, ईदेचा दुसरा दिवस. खातूनबी, तुझी मुमानी, तारिकला घेऊन माहेरी तासगावला गेली होती. तू आणि तुझी अम्मी इथं होतात. सकाळपासून तू झोक्यासाठी माझ्या मागं लागलेलीस. दोर होता, पण मळ्यात वापरून वापरून त्याचे पीळ सुटलेले. तुझं वजन जेमतेम सतरा किलो, तरी त्या दोरावर माझा भरवसा बसेना. म्हटलं, पोरगी पडायची. दुकानात सगळ्यात मजबूत वस्तू कुठली, तर साखळी. ती लिंबाच्या फांदीवरून टाकली, खाली पाट बांधला. तुला ग्रीस आठवतं ते त्या साखळीचं. दुकान बंदच होतं, साखळीची गरज पडणार नव्हती.

चार वाजता कारखान्याची ट्रॉली आली. ट्रॉलीवाला अर्जुना ओळखीचा. हात जोडायला लागला. "चाचा, नंबर जाईल माझा, ऊस वाळतुया, येवढं एक टायर द्या भरून." मी म्हटलं, बरं. रिंग बसवली. साखळी घ्यायला उठलो. तू झोक्यावर होतीस. मी हात पुढं केला तर म्हणालीस, "मामू, अजून धा." मी म्हटलं, बरं, दहा घे. तू मोजायला लागलीस. मी थांबायला पाहिजे होतं. दहा झोके म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. पण अर्जुना घाई करत होता आणि तू दहा झाल्यावर परत दहा म्हणणार, हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, एक टायर. सोळा वर्षांत रिंग कधी उडाली नव्हती. परत जाऊन बसलो आणि हवा भरायला लागलो.

ऐंशी पौंडांपर्यंत मला आठवतं.

आवाज मी ऐकला की नाही तेही सांगता येत नाही. रिंग माझ्या कानाजवळून वर गेली, पत्रा फाडून लिंबावर. तू ज्या फांदीला झोके घेत होतीस तिच्या शेजारची फांदी तुटून खाली पडली. मी उठून पळालो. डोळ्यांत माती गेलेली, धड दिसत नव्हतं. तुला खाली उतरवलं, चाचपून बघितलं. किती वेळा विचारलं, लागलं का, लागलं का. तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, पोरीची वाचा गेली. सांगलीच्या दवाखान्यात आठ दिवस होतो. तिथं मला डॉक्टर, औषध काही सुचत नव्हतं, फक्त ती बोलली का, बोलली का. उत्तर कुणी दिलं तरी मला ऐकू येणार नव्हतं. पाटी नंतर आली.

घरी आल्यावर साखळी मी स्वतः झाडावरून काढली. झोक्याची साखळी ती दुकानातली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या कोंडीबानं येऊन हातानं वेढे घालायची खूण करत विचारलं, साखळी घातलेली का. मी म्हटलं, घातली होती. का म्हटलं ते सांगतो. खरं सांगितलं असतं तर गावानं काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. पोरीच्या झोक्यापायी बहिरा झाला. तू मोठी झाली असतीस, लग्नाला उभी राहिली असतीस, तरी कुंडलला आलीस की कुणीतरी बोट दाखवलं असतं, हीच ती. चूक माझी होती. साखळी झोक्याला मी बांधली, हवा मी भरली. पण लोक ती तुझ्या पदरात टाकून मोकळे झाले असते, आणि तूही ती घेतली असतीस. तुझा स्वभाव तसा आहे. दार फुटलं तरी तुला झोप लागत नाही.

एकदा बोललो आणि मग तेच बोलत राहिलो. तारिकनं त्यातून काय शिकून घेतलं ते मला दिसत होतं. रोज पाटीवर 'साखळी' लिहायचो, पण पुढची ओळ लिहायची हिंमत झाली नाही. एका बाजूला तू, एका बाजूला तो. मला वाटायचं, नुसतं सांगून भागेल. भागलं नाही.

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस तसेच काढले. परवा तारिकनं दुपारी एक टायर घेतलं. मी पाटी उचलली आणि लिहायला बसलो. खडू दोनदा मोडला. एका पाटीत मावेना, लिहून दाखवायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं, असं तीनदा केलं. झोका लिहिला, तुझं नाव लिहिलं, दहा झोके लिहिले. तो वाचत होता. तिसरी पाटी त्यानं पुसली नाही. कॉम्प्रेसर बंद केला आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. खिळ्यावरची साखळी काढली आणि टायरला चार वेढे घातले. मला दाखवून घातले, एक, दोन, तीन, चार.

काल त्यानं दुसरंच काढलं. तुझी पत्रं त्याला दाखवली होती. पाटीवर लिहिलं, नूरीनचा हिशेब अठरा टनांचा आहे, साखळीवर भागणार नाही, पिंजरा पाहिजे. दीड इंची पाईप आणून वेल्डिंग करतोय. टायर आत ठेवायचं, लांबून नळीनं हवा भरायची. त्याच्या हाताला काम चांगलं आहे. शिफाला मांडीवर घेऊन मी लांबून बघत बसतो.

आता तुझं. हे तुला कधी कळू नये, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मीच मोडली. तारिक जिवंत राहिला पाहिजे होता. तुला यातलं काही ओझं वाटून घ्यायचं नाही, हा मामूचा हुकूम समज. सात वर्षांच्या पोरीनं दहा झोके मागायचे नाहीत तर काय मागायचं. तू त्या दिवशी घाबरून मुकी झालीस, ते तेवढं माझ्या मनातून जात नाही. त्याची माफी मागतो.

इलाही मामू


औंध
२२ जानेवारी २०२४

मामू,
सलाम.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, ते मधल्या सुट्टीत वाचलं. मग घंटा झाली. सातवीला घनता शिकवायची होती, शिकवली. घरी येऊन परत वाचलं.

ओझं वाटून घ्यायचं नाही हा हुकूम मी पाळू शकणार नाही, पण प्रयत्न करेन. थोडं वाटणारच. तुम्ही एकोणीस वर्षं एकट्यानं उचललंत, आता अर्धं माझ्याकडं राहू द्या. दोराला ग्रीस नसतं, हे विज्ञानाच्या बाईला एकोणीस वर्षांत सुचलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तारिकभाईचा काल फोन आला. पहिल्यांदाच शिफाच्या दातावर काही बोलला नाही. पिंजऱ्याची मापं सांगितली, पाईप किती जाड, सांधे किती. मी तपासून दिली. एका सांध्यावर दोन वेल्डिंग जास्त घ्यायला सांगितलीत. फोन ठेवताना म्हणाला, "अब्बा हल्ली पाटीवर काय बी लिवत न्हाईत. नुसतं येढं मोजत्यात." मला हसू आलं आणि रडूही आलं.

आता एक गोष्ट तुम्हाला चुकीची माहीत आहे, ती दुरुस्त करते. तुमच्या पत्रात लिहिलंय, मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. तसं नव्हतं, मामू. मला चांगलं आठवतं. दहा झाल्यावर मी परत पहिल्यापासून मोजत होते, त्यातले सहा झाले होते. आवाज झाला, पानं पडली, झोका तरी हलतच होता. तुम्ही पळत आलात. तुमच्या कानातून रक्त येऊन सदऱ्याच्या कॉलरवर उतरत होतं. तुम्ही मला उचलून खाली ठेवलंत, डोकं चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले आणि ओरडून विचारलंत, "लागलं का?" मी म्हटलं, "न्हाई." तुम्ही परत विचारलंत. मी परत म्हटलं, न्हाई. तुम्ही आणखी मोठ्यानं विचारलंत. मी पाच वेळा सांगितलं, सहा वेळा सांगितलं, आणि तुम्ही विचारतच होता. मला वाटलं, मामूंना माझं खोटं वाटतंय, मामू रागावलेत. मग मी गप्प बसले.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आज लिहून देते. मामू, मला कुठंच लागलं नव्हतं.

तुमची,
नूरीन